मधलं नाव

बायको गेली त्या वर्षी अमेरिकेत एक बाई राष्ट्राध्यक्षपदाला उभी होती. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात त्या शेजारी शेजारी बसल्यात, कारण ते सगळे महिने मी आयर्लंडात, मुलीच्या ॲडम्सटाउनच्या घरात टीव्हीसमोर एकटा होतो आणि टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच.

मुलगी सकाळी सातला निघायची. आधी आगगाडी, मग ट्राम, तेव्हा कुठे सँडीफोर्डचं ऑफिस. जावई औषधांच्या कारखान्यात, त्याची शिफ्ट. घरात मूल नाही. आधी आम्ही म्हातारा-म्हातारी होतो तर दिवसभर भांडायला माणूस तरी होतं. आवाज कमी करा, खुर्ची सरकवा, चहात किती साखर घातलीत. मार्चात ती छातीत दुखतंय म्हणाली आणि दोन दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर दिवसा त्या घरात बोलायचा तो टीव्हीच.

मी चौथी शिकलोय. जन्म तालुक्याच्या गावात सायकलचं दुकान चालवण्यात गेला. इंग्रजीतला दहातला एखादा शब्द कळतो. पण शब्द कळत नसले की माणूस बाकीचं नीट बघतो. त्या बाईला लोक नुसत्या नावानं म्हणायचे आणि समोरच्या पुरुषाला आडनावानं. तिच्या सभेतल्या लोकांच्या हातातल्या पाट्यांवरसुद्धा नुसतं नाव. ती हसली की तिचं हसणं परत परत दाखवायचे, शिवी दिल्यासारखं. पुरुष ओरडला तर एकदा दाखवून पुढं जायचे.

एका संध्याकाळी मुलगी वरण गरम करत होती तेव्हा विचारलं, "अमेरिकेत बाईला आडनाव नसतं का गं?"

"असतं की, आप्पा."

"मग घेत का नाहीत?"

"नुसत्या नावानं बोलवलं की बाई ओळखीची वाटते. थोडी लहानही वाटते. काहींना ते आवडतं, तिच्याच माणसांनी छापलंय ते."

"त्यापेक्षा आपलं बरं. आपल्यात बाईला नावानं हाकच मारत नाहीत."

ती गॅसकडे बघत म्हणाली, "म्हणून आपली बाई मोठी वाटते का?"

मी म्हणालो, "ते काही असो. बाई येत नाही निवडून. देश चालवायचाय, हळदीकुंकू नाही करायचं."

"आई काय म्हणाली असती यावर?"

"तुझी आई असल्या विषयात बोलत नव्हती."

"हो," ती म्हणाली. "नव्हतीच बोलत."

त्याच आठवड्यात बाकाचं निघालं. इथे माणूस गेलं की बागेत त्याच्या नावानं बाक ठेवतात, पाठीवर पितळेची छोटी पट्टी असते. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज करावा लागतो. बायको रोज चार वाजता स्टेशनजवळच्या बागेत जाऊन एका बुटक्या भिंतीवर बसायची. लेकीची गाडी सहाला, ही चारपासून. भिंत गार लागते म्हणून मी कुरकुर करायचो. तिथे बाक व्हावा असं मुलीच्या मनात आलं आणि मलाही पटलं. या देशात तिचं नाहीतर काय राहणार होतं?

नवरा म्हणून अर्जावर सही माझी लागणार होती. मुलगी कागद छापून घेऊन आली. पट्टीवर काय लिहायचं त्या चौकोनात तिनं आईचं नाव, आमचं आडनाव आणि तारखा लिहिल्या होत्या.

"माझं नाव कुठाय?"

"घातलं नाही."

"विसरलीस?"

"नाही, आप्पा. मधलं नाव नवऱ्याचं असतं हे इथे कुणाला माहीत नाही. आणि बाक तिचा आहे."

"तिच्या रेशनकार्डावर, मतदार यादीत, पासपोर्टवर, सगळीकडं मी आहे."

"मग एखाद्या जागी नसलात तर काय होईल?"

तेव्हा बोलू नये ते मी बोललो. म्हणालो, "नवऱ्याचं नाव नाही असं नाव टाकलेल्या बाईचं असतं."

मुलीनं पेनाला टोपण लावलं. "सही तुमची आहे. तुम्हाला हवं ते लिहा. पंधरा दिवस आहेत." तिनं कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. त्यानंतर ती माझ्याशी जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढंच बोलायची. मी उत्तर द्यायचो आणि ती वर जायची.

मग मीच चार वाजता त्या भिंतीवर जाऊन बसायला लागलो. तिथे कुत्रं घेऊन इथली एक म्हातारी यायची. माझ्या बायकोजवळ बसायची ती हीच. दोघी तासभर बसायच्या, एकीचं एकीला कळायचं नाही. ती माझ्याजवळ बसली आणि अमेरिकेचं काढलं. म्हणाली, "युवर मॅन जिंकेल असं दिसतंय."

मी चिडलो. म्हटलं, "नो. नॉट माय मॅन."

ती एवढी हसली की कुत्रं भुंकायला लागलं. मग तिनं सावकाश, हातवारे करत समजावलं की इथे युवर मॅन म्हणजे नुसतं तो बाबा. तुझा माणूस नाही. समजलं तरी मला लागलं ते लागलंच. कारण घरात मी त्याच्याच बाजूनं बोलत होतो. त्याचं काही आवडलं होतं म्हणून नाही, पुरुष होता म्हणून.

ती म्हणाली, इथे दोन बायका राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्या आणि पाऊस पहिल्याइतकाच पडतो. मग तिनं आपलं सांगितलं. ती सरकारी कचेरीत होती. लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची असा तेव्हा नियमच होता, म्हणून सोडली. घरी पत्रं यायची त्यावर मिसेस आणि पुढं नवऱ्याचं अख्खं नाव. सुरुवातीला ती पत्रं सासूची समजून बाजूला ठेवायची, म्हणाली. मला एकदा सांगून कळलं नाही, तेव्हा तिनं बोटानं तळहातावर पत्ता लिहून दाखवला.

"नवरा चांगला?" मी विचारलं.

"ग्रँड," ती म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे मोठं काही नाही. ठीकठाक.

मग तिनं माझ्या बायकोचं नाव घेतलं. वेडंवाकडं, पण तेच. पहिल्याच दिवशी छातीला हात लावून सांगितलं होतं म्हणे. नुसतं नाव. आडनाव नाही, माझंही नाही. मी खाली बघत बसलो. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ते नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं. घरात अगं, चारचौघांत आमची ही. आणि ते या परक्या म्हातारीला पाठ होतं.

निकाल लागला त्या सकाळी मुलगी स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होती, डबा उघडाच. बाई हरली होती. माझा शब्द खरा झाला होता. असं झालं की मी तो बायकोला ऐकवायचो आणि ती म्हणायची, "कळलं हो, शहाणे तुम्हीच." सवयीनं मी तिच्या खुर्चीकडं वळलो. खुर्चीवर जावयाचं जॅकेट होतं.

मुलगी म्हणाली, "म्हणा, आप्पा. मी म्हणालो होतो, असं म्हणा."

मी म्हणालो, "तुझी आई बोलत नव्हती असं म्हणालो होतो ना? ती बोलली होती. एकदा."

तिनं फोन खाली ठेवला.

गावात आमचा वॉर्ड महिला राखीव झाला तेव्हा मी बायकोला नगरपालिकेला उभी केली, हे मुलीला ठाऊक होतं. बॅनरवर माझा हात जोडलेला मोठा फोटो आणि कोपऱ्यात ती, डोक्यावर पदर, हेही तिनं पाहिलं होतं. निवडून बायको आली आणि नगरसेवक म्हणून लोक मला नमस्कार करायला लागले. पहिल्या सभेला एकेकानं उभं राहून पूर्ण नाव सांगायचं होतं. बायको स्वतःचं नाव म्हणाली आणि अडकली. मध्ये माझं नाव यायचं आणि ते तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. लोक हसायला लागले. दारात मी उभा होतो. तिथून मीच पुढचं माझं नाव आणि आडनाव सांगून तिचं नाव पूर्ण केलं. ते एकदा केलं आणि मग पाच वर्षं मीच बोललो. तिनं मी बोट ठेवलं तिथं सही केली.

"हे माहितीय," मुलगी म्हणाली.

"पुढचं नाही माहीत."

दुसऱ्या वर्षी एका सभेत नुसती रस्त्याची चर्चा चालली होती. ही अचानक उभी राहिली. म्हणाली, आठवडी बाजारात भाजी विकायला बायका पहाटेपासून बसतात, त्यांच्यासाठी मुतारी पाहिजे, दिवसभर पाणी न पिता बसतात त्या. एवढंच. आवाज चांगला खणखणीत होता. मुतारी शब्द ऐकून पुरुष एकमेकांकडं बघून हसले. एकजण मला म्हणाला, "नगरसेवक, घरात सोय नाही वाटतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागून सगळ्यांदेखत म्हणालो, "गप. खाली बस."

ती बसली. उरलेली तीन वर्षं कधी उठली नाही. मुतारीही झाली नाही.

मुलीनं उघडा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आईला सभेत लाज वाटायची, असं तुम्ही सांगायचात."

"सगळ्यांना तेच सांगितलं मी."

"घरी आल्यावर ती काय म्हणाली?"

"काही नाही. वाटेत एवढंच विचारलं, मुतारी नाही, मग काय म्हणायचं असतं त्याला?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"मलाही दुसरा शब्द आला नाही."

ती मला जवळ घेईल असं मला वाटलं नव्हतं आणि तिनं घेतलंही नाही. घड्याळ बघितलं. तिची गाडी गेली होती. मी कपाटावरचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "हिच्या नावाआधी कौन्सिलर लिहायचं. इथे लिहितात ना तसं?"

"लिहितात. पण दोनच ओळी मिळतात, अक्षरं मोजून. तारखा काढाव्या लागतील."

"काढ."

"आणि तुमचं नाव?"

"जागा कुठाय त्याला?"

"आप्पा, पाच वर्षं खुर्चीत तुम्ही होतात. ती कसली कौन्सिलर?"

"मतं तिला पडली होती," मी म्हणालो.

तिनं आपला आधीचा मजकूर खोडला आणि पेन माझ्याकडं सरकवलं. "तुम्ही लिहा." दुसऱ्या कागदावर तिनं इंग्रजी अक्षरं काढून दिली. मी ती एकेक बघून चौकोनात उतरवली. कौन्सिलर हा शब्द लांब निघाला, नाव दुसऱ्या ओळीवर गेलं. खाली सही केली, तेवढी माझी. माझं नाव तिथे नाही हे मला आवडलं असं म्हणणार नाही. डोळा सारखा त्या जागेवर जात होता.

मुलीनं डबा भरला, कोट घातला, पुढची गाडी पकडायला गेली. दार लागल्यावर मी टीव्ही बंद केला. कागद समोर होता. बायकोचं नाव मी मोठ्यानं घेतलं. ते दुकानातून गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखं निघालं. बरोबर वाटलं नाही. मग हळू घेतलं, आणखी एकदा घेतलं, आणि चहा टाकायला उठलो.