अका आणि आओ

पुण्यात माझ्याबरोबर जपानी शिकलेल्या मुली सॉफ्टवेअर कंपन्यांत दुभाषी झाल्या. मी मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जपानी कादंबरीकाराच्या नादी लागून २००४ साली मॅसॅच्युसेट्सला आले. हौसेला मोल नाही, असं आई म्हणाली.

तो लेखक भलताच लोकप्रिय. त्याची पुस्तकं पाठीवर बांधून माणसं दारोदार भाड्याने देत फिरायची. म्हातारपणी आधी त्याचा उजवा डोळा गेला, मग डावा, आणि कादंबरी तर अर्धीच होती. त्याच्या विधवा सुनेला धड अक्षरओळखही नव्हती. तिने त्याची बोलणी खात एकेक चिन्ह शिकून, तो सांगेल तसं लिहून ती पुरी केली. सगळे त्याचं कौतुक करतात. मला त्या सुनेचीच काळजी वाटायची.

माझे गाइड सत्तरीचे, अमेरिकन. मी श्रूजबरीत एका मराठी काकूंकडे राहायचे. सरांचं घर त्याच वाटेवर, म्हणून दर गुरुवारी ते मला गाडीतून सोडायचे. वाटेत आमचा एक खेळ असे. सिग्नल आला की ते विचारत, "रंग?" लाल असेल तर मी जपानीत म्हणायचं, "अका." सिग्नलच्या हिरव्याला जपानी लोक निळा म्हणतात, म्हणून तेव्हा, "आओ." मी आओ म्हटलं की गाडी निघे. मला वाटे, सर माझे उच्चार सुधारताहेत.

"लकी आहेस हं, घरापर्यंत ट्यूशन," काकू म्हणत.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सरांनी त्या कादंबरीचं एक जुनं पान मला वाचून दाखवलं. बोट ओळींवरून फिरत होतं, एक शब्द चुकला नाही. पान उलटं धरलेलं होतं.

तरी मी गाडीत बसले. प्रबंधावर त्यांची सही हवी होती, आणि थोरामोठ्यांना असलं काही तोंडावर विचारायचं आम्हाला वळण नाही. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

शाळेपाशी सिग्नल लागला. समोरून मुलं रस्ता ओलांडत होती.

"रंग?"

"अका."

मुलं पलीकडे गेली. सिग्नल हिरवा झाला.

"रंग?"

"अका."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मी पुन्हा अका म्हटलं. सरांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"सर, मला ड्राइव्ह करता येत नाही."

"तिलाही लिहिता येत नव्हतं," ते म्हणाले.