बॅटरीवरचं कुंकू

मंगळवार, जानेवारी, सकाळचे सहा दहा. तात्यापारा मोहल्ल्यातलं आमचं घर, घरासमोरची गल्ली. हजर: मी, व्हरांड्यातल्या खुर्चीवर आमचे हे, आणि जरा वेळाने मालाचा छोटा टेम्पो चालवणारे शेजारी.

गाडीची किल्ली फिरवली तर नुसतं टक् झालं. दुसऱ्यांदा तेही झालं नाही. वर पाहिलं तर छताचा दिवा चालूच्या खुणेवर होता. आदल्या संध्याकाळी गाडीत बसून मीच दुसऱ्या दिवसाची यादी केली होती: फाइल, चादर, पाण्याची मोजून भरलेली बाटली, निघणे साडेसहा. यादी नीट झाली आणि दिवा तसाच राहिला.

ह्यांची डायलिसिसची वेळ सातची. सव्वासातपर्यंत पोचलं नाही तर खुर्ची पुढच्या पेशंटला देतात. तापामुळे शनिवारची पाळी बुडालेली, त्यामुळे चेहरा सुजला होता आणि दोन रात्री ते बसूनच काढत होते. तीन-चार शब्द बोलले की थांबावं लागत होतं. त्यात पडल्यामुळे उजव्या पायाला मांडीपासून प्लास्टर. ऑटोत तो पाय मावत नाही. आमच्या गाडीची पुढची सीट मागे पाडली की मावतो.

मी फोन हातात घेतला. अँबुलन्सवाला म्हणाला, एक तास. दोन टॅक्सीवाल्यांनी हो म्हणून नंतर नाही म्हटलं. तिसरी मिळालीच नाही. तोवर सहा पंचवीस झाले. मी शेजारच्यांचं दार वाजवलं.

ते पंडरीच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायला निघतच होते. टेम्पोच्या केबिनमध्ये ह्यांना चढवायचा विचार दोघांनीही केला आणि पायाकडे बघून सोडला. मग त्यांनी टेम्पो आमच्या गाडीसमोर तोंडाला तोंड करून, मध्ये हातभर जागा ठेवून लावला. जोडायच्या दोन तारा आमच्या डिकीत होत्या, लाल आणि काळी. ह्यांनी प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागात तीस वर्षं काढली. तारांसोबत त्यांनी सांगितलेलं आणि मी लिहिलेलं कार्डही होतं. पण कार्ड वाचायला वेळ कोणाला?

ह्यांनी व्हरांड्यातून एवढंच विचारलं, टेम्पोची बॅटरी बारा व्होल्टची आहे ना. मोठ्या ट्रकची चोवीसची असते, ती लावली तर आपल्या गाडीतलं सगळं जळेल. बाराचीच आहे, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. मी दिवे, पंखा, फोनचा चार्जर बंद असल्याचं पाहून घेतलं.

शेजारी म्हणाले, "लाल पे लाल, करिया पे करिया. इसमें क्या सोचना दीदी. भैया प्लांट में साहब रहे होंगे, इहाँ साहब मैं हूँ."

ह्यांना हसू आलं, त्याचा खोकला झाला. मी तिकडे धावले. परत आले तेव्हा तीन चिमटे लागलेले होते: लाल तार दोन्ही बॅटऱ्यांना, काळी टेम्पोच्या बॅटरीला. चौथा, काळा चिमटा, शेजाऱ्यांच्या हातात होता.

"थांबवा त्यांना," हे म्हणाले. "आपल्या बॅटरीले लाल कुठं लावून राहिले?"

"लाल दिसतंय तिथं," मी म्हणाले. मला घाई झाली होती आणि रागही येत होता.

ते श्वास घ्यायला थांबले. मग म्हणाले, "दसऱ्याले कुंकू कुठं लावलं होतं तू?"

दरवर्षी दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो, आणि ह्यांच्या प्लांटच्या सवयीने बॉनेट उघडून बॅटरीचीही. यंदा ते आजारी, म्हणून पूजा मी एकटीने केली होती. बॅटरीच्या दोन खांबांपैकी, म्हणजे टर्मिनलपैकी, अलीकडचा हाताला आला, त्याला कुंकू लावलं. ग्रीसमध्ये मिसळून ते तसंच घट्ट बसलं होतं. दुसऱ्या खांबाची लाल टोपी मागच्या वर्षीच तुटून गेली होती.

शेजाऱ्यांचा हात बॅटरीपासून वीतभर अंतरावर होता. मी त्यांचं मनगट धरलं. मग लाल चिमटा काढून पदराने खांबाजवळची घाण पुसली. खाली वजाची खूण होती; चौथा चिमटा लागला असता तर दोन्ही बॅटऱ्या उलट जोडल्या जाऊन भडका उडाला असता.

शेजाऱ्यांनी टोपीने तोंड पुसलं.

मग मी कार्ड आणलं आणि मोठ्याने वाचत गेले. सगळे चिमटे काढून पुन्हा पहिल्यापासून. लाल आमच्या अधिकला. लालचं दुसरं टोक टेम्पोच्या अधिकला. काळा टेम्पोच्या वजाला. शेवटचा काळा आमच्या बॅटरीला नाही, तिच्यापासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडी बोल्टला. कारण शेवटी ठिणगी उडते आणि बॅटरीतून वायू निघत असतो. मग टेम्पो सुरू करून पाच मिनिटं थांबायचं.

ती पाच मिनिटं मी ह्यांच्या पायाशी बसून काढली. त्यांच्या ओठांचा रंग मला आवडत नव्हता. पाणी मागितलं; त्यांना मोजूनच द्यायचं असतं, मी झाकणभर दिलं. ते म्हणाले, "नाही सुरू झाली तर रडू नको. पोट्टीले फोन कर."

मुलगी पुण्यात असते. ती काय करणार होती? मी हो म्हणाले.

पहिल्या वेळी इंजिन घरघरून थांबलं. शेजारी म्हणाले, लगेच नको, जरा दम घेऊ द्या. दुसऱ्या वेळी लागलं. चिमटे उलट क्रमाने काढले, एकमेकांना लागू न देता. दोघांनी मिळून ह्यांना सीटवर सरकवलं. सात वाजले होते.

पोचलो तेव्हा सात बावीस. गाडी चालूच ठेवून मी आत धावले. नर्सबाई म्हणाल्या, खुर्ची दिली, पण ते पेशंट अजून आलेले नाहीत. घ्या यांना आधी, मात्र चार तास मिळणार नाहीत, तीनच. मी त्यांच्या हाताला नुसता हात लावला.

त्या तीन तासांत मी नवी यादी केली, पुढच्या दिवसांत ती उरकत गेले. बॅटरी तपासून घेणे: झालं. नवी लाल टोपी: झाली. छताच्या दिव्याजवळ चिठ्ठी चिकटवणे: झालं. बुडालेल्या तासाबद्दल डॉक्टरांना विचारणे: झालं, शुक्रवारी जादा वेळ मिळाला.

चौथ्या ओळीनंतर ह्यांनी सांगून लिहायला लावलेलं एक काम आहे: दोन्ही खांबांशेजारी पांढऱ्या रंगाने अधिक आणि वजा ठळक काढणे. हे मी स्वतः करीन, तू हात लावू नको, असं त्यांनी बजावलं आहे. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. रंगाची डबी आणि बारीक ब्रश व्हरांड्यात खुर्चीशेजारी ठेवला आहे. खुर्चीपासून गाडीपर्यंत अकरा पावलं आहेत, आणि अजून ते सातव्याला थांबतात.