अक्कांची आढी

बातमी आली तेव्हा मी नांदेडला ऑफिसात रजा वाढवून मिळण्याचा अर्ज लिहीत होते. ‘कारण’ या शब्दापुढे ‘जाऊबाई आजारी’ असं लिहून झालं होतं, तारखा टाकायच्या राहिल्या होत्या. फोन अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. ते फक्त ‘ये’ म्हणाले… आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडे कुणीतरी चप्पल ओढत चालत होतं, ते ऐकू येत होतं. मी तो कागद फाडला, दुसरा घेतला, कारण बदललं, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उदगीरची गाडी धरली. लोकांना माझं असं वागणं कोरडं वाटतं. वाटू दे. त्या तीन तासांच्या प्रवासात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: मागच्या खोलीतल्या आढीवर मी गोणपाट नीट टाकलं होतं की नाही.

अक्का म्हणजे सुशीलाबाई, माझी थोरली जाऊ. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घराच्या किल्ल्या, माणसं, भांडणं सगळं त्यांच्या ताब्यात होतं. शिक्षण सातवीपर्यंत, पण समोरचं माणूस कसं आहे हे त्या चहाचा कप खाली ठेवायच्या आत ओळखत. आम्ही गळ्यात गळे घालणाऱ्या जावा कधीच नव्हतो. मी नोकरीची, आवक-जावकच्या टेबलावर बसून कागदांना नंबर देणारी. आमचं जमलं ते एवढ्याचसाठी, की दोघींनाही गोड बोलता येत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नांदेडहून गाड्यावरचे पिवळेधमक आंबे घेऊन गेले. त्यांनी एक दाबून बघितला, नाकाला लावला आणि म्हणाल्या, ‘बाहेरून नवरदेव, आतून आंबट. पावडरची पुडी घालून पिकवल्याले हायत हे, शोभा. असले आंबे कुणाच्या घरी नेऊ नये.’ त्यानंतर मी कधी नेले नाहीत.

त्यांचे आंबे यायचे देवणीच्या रस्त्यावरच्या शिवाप्पामामांच्या शेतातून. मिरगाच्या आधी झाडाला पाड लागला, म्हणजे एखाददुसरा आंबा झाडावरच पिकून पडायला लागला, की मामांचा निरोप यायचा आणि सगळं घर गाडी भरून निघायचं. टणक, हिरवे आंबे मोजून घ्यायचे, घरी आणून मागच्या खोलीत वाळल्या गवतात थरावर थर लावायचे, वरून गोणपाट टाकायचं. ती आढी आठ-दहा दिवसांनी उघडायची. पिकलेला आंबा विकत आणणं आमच्या घरात कमीपणाचं होतं. हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं. म्हणूनच माझ्या हातून पुढे जे झालं त्याला मला कुठलीच सबब सापडत नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. सासूबाई आजारी होत्या तेव्हा ‘आठ दिवसांत उठून बसाल’ असं आम्ही सगळे त्यांना शेवटपर्यंत सांगत होतो. त्यांच्या तेराव्याची भांडी घासताना अक्का मला म्हणाल्या, ‘म्हातारीला आपण फसवलं. लेकीला बोलवायचं होतं तिला, उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहिली. माझ्यावर ही पाळी आली तर तू सांगायचं मला. बाकीचे गोड बोलतील. तू तोंडावर बोलतीस.’ मी ‘सांगेन’ म्हणाले. हातात राखेनं माखलेली कढई होती, तेही आठवतं.

यंदा मे महिन्यात अक्कांचे डोळे पिवळे झाले. घरात सगळ्यांनी कावीळ ठरवून टाकली. लातूरला डॉक्टरांकडे मी घेऊन गेले, कारण आमच्याकडे कागद वाचायचं काम माझं. अण्णा गाडी लावायला खाली गेले होते तेवढ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गाठ स्वादुपिंडात होती आणि यकृतापर्यंत पोचली होती. ‘घरी न्या. खावंसं वाटेल ते द्या. महिनाही म्हणत नाही मी…’ एवढंच ते बोलले. ती फाइल मी पिशवीच्या तळाला घातली. अण्णांचं बायपास झालेलं. अक्कांची लेक मनीषा लातुरातच नोकरीला, पण त्या दिवशी कामावर; फोनवर ऐकून ती गाडी कशी चालवणार? माझ्या नवऱ्याला सांगावं, तर प्रकाशच्या तोंडावर सगळं दिसतं. अशी एकेकाची कारणं मी काढली आणि ती सगळी खरी होती. पण खरी गोष्ट ही, की अक्कांसमोर बसून ते एक वाक्य बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. आलेला कागद त्याच दिवशी पुढे पाठवणारी मी, हा एक कागद दाबून बसले.

त्याच आठवड्यात मामांचा निरोप आला. अक्का म्हणाल्या, मी येणार. मनीषा सुट्टी काढून लातूरहून आली. मागच्या सीटवर उशी ठेवून आम्ही अक्कांना मधे बसवलं, प्रकाशनं गाडी इतकी सावकाश चालवली की बैलगाडीवाला मागून हाका मारू लागला, आणि अक्का हसल्या. शेतात मामांनी झाडाखाली बाज टाकली होती. त्या झाडाला ते खोबऱ्या म्हणतात, त्याचा आंबा खोबऱ्यासारखा लागतो म्हणून. मामांची सून काठीला लावलेल्या जाळीच्या झेल्यानं एकेक आंबा उतरवत होती, खाली गोणपाटावर हिरवा ढीग वाढत होता. अण्णा आणि प्रकाश त्यातून डागी बाजूला काढत होते. अक्का बाजेवर बसून वर फांद्यांकडे बघत होत्या. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी मनात दिवस मोजले. आठ-दहा दिवस आढीचे… आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मामा, पिकलेले नाहीत का? आज खाता येतील असे?’

मामांनी मान वर केली. ‘पिकल्याले? तुमी कवापासून पिकल्याले न्यायलाव, बाई? आता कुठं पाड लागलाय. चार-दोन पडल्याले हायत, पाखरानं टोचल्याले.’

‘तेच द्या,’ मी म्हणाले.

मनीषा हसली. ‘काकू, एवढी घाई? उद्या काय आंबे संपणारेत का?’

अक्का हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, हिशेब जुळल्यासारख्या. मामांच्या सुनेनं आणून दिलेला टोचलेला आंबा मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, देठाशी दाबला आणि मला परत दिला. ‘हा तू खा. मी आढीतला खाईन.’ मग मामांकडे वळून म्हणाल्या, ‘कच्चेच द्या. दोनशे.’

‘दोनशे? दरसाली शंभर नेताव तुमी.’

‘औंदा दोनशे.’

तो हट्ट होता की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही. परत येताना मनीषा खिडकीला डोकं टेकून झोपली होती, पुढे अण्णा आणि प्रकाश पेरणीचं बोलत होते. अक्कांनी हळूच विचारलं, ‘शोभा, डॉक्टर काय म्हणला तुला?’ मी म्हणाले, कावीळ उतरायला वेळ लागतो म्हणाले. ‘मग पिकल्याले कशाला मागितलीस?’ मी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली. त्या म्हणाल्या, ‘आढी उघडीपर्यंत तरी हाय ना मी?’ मी ‘असं काय बोलता’ म्हणाले. कढई घासताना दिलेला शब्द त्या रस्त्यावर मी दुसऱ्यांदा मोडला.

आढी अक्कांनी खुर्चीवर बसून लावून घेतली. आंब्याला आंबा चिकटू द्यायचा नाही, प्रत्येक थरावर गवत, खिडकी बंद. प्रकाशला त्या दहा वेळा ओरडल्या. मी रजा टाकून उदगीरला राहिले. रोज सकाळी अंथरुणातून पहिलं वाक्य तेच असायचं, ‘हात घालून बघ गं. ऊब लागायली का?’ आंबे पिकायला लागले की आढीच्या आत ऊब धरते. मी बघून यायचे, सांगायचे, अजून नाही. त्या म्हणायच्या, ‘बरं. आणखी दोन दिवस.’ चौथ्या सकाळी गवतात हात घातला आणि ऊब लागली. त्याच सकाळी अक्कांना दोन चमचे पेजही जाईना.

मी उपास करत नाही, नवस बोलत नाही. देवळात गेले तरी चपला कुठे काढल्या याकडेच माझं अर्धं लक्ष असतं. पण त्या दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले, गोणपाट काढलं, वरचं गवत बाजूला केलं, खिडकी सताड उघडली आणि वरचे आंबे वाऱ्याला सुटे सुटे मांडले. आढी पिकली नाही तर उघडायची नाही. उघडायची नाही तोवर अक्का आहेत. हे मी, अठ्ठेचाळीस वर्षांची, पदवीधर बाई, तिथे उकिडवी बसून मनात म्हणत होते. संध्याकाळी सगळं परत झाकलं. दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी तेच. रोज सकाळी अक्कांना सांगत होते, ऊब नाही. आणि एकदा तरी वाटलं की हे चालतंय… त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी ताक घेतलं होतं.

त्यानंतरच्या सकाळी त्या म्हणाल्या, ‘एक आंबा आण.’ मी वरचा आणला. त्यांनी देठ नाकाशी धरला, मग सालीवरून अंगठा फिरवला. ‘वारं लागलंय ह्याला. खिडकी उघडायलीस का तू?’

मी हो म्हणाले.

‘का?’

मग मी सांगितलं. खिडकीचं, आणि त्याच दमात डॉक्टरांचं, गाठीचं, पिशवीतल्या फाइलचं. शब्द पाळायला इतके दिवस लागले. अक्का भिंतीकडे बघत ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, ‘येडी हायस का? आंबे थांबल्यानं माणूस थांबतं व्हय?’ थोडा श्वास घेतला. ‘मला ते झाडाखालीच कळलं. वाट बघितली, आज सांगशील, उद्या सांगशील… यांना मी सांगते. तू मधे पडू नको.’ मग माझ्या हातात आंबा परत दिला. ‘जा, झाक ती आढी. माझे आंबे नासवू नको. अन् रजा वाढवून ये उद्या. परवा उघडू.’

मी झाकली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं नांदेडला गेले. अकरा वाजता फोन आला.

आढीची आठवण कुणालाच राहिली नाही, घरात माणसं मावत नव्हती. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि दारातच वास आला. आमच्या त्या घरात, त्या दिवशी, पिकल्या आंब्याचा वास. मनीषा तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली. मी एकटीच आत गेले आणि गोणपाट काढलं. वरचे आंबे, मी वाऱ्याला मांडलेले, सुरकुतले होते, साल म्हातारी झालेली आणि आत आंबट. मी खाली हात घातला. खालच्या थरांना माझा हात कधी लागलाच नव्हता. तिथले आंबे सोन्यासारखे होते, आणि काहींच्या देठाशी काळे ठिपके पडायला सुरुवात झाली होती. आंब्यातलं मला फार कळत नाही, पण एवढं अक्कांनी शिकवलं होतं: काळा ठिपका पडला म्हणजे आंबा तयार होऊन दोन-तीन दिवस उलटले. म्हणजे ज्या सकाळी मी वरचा आंबा त्यांच्या नाकाशी नेला, त्या सकाळी तळाचे आंबे तयार होते. वीतभर खाली. मी अर्धा हात आणखी खाली घातला असता तर…

अण्णांना हे मी सांगितलं. सांगायचं राहून जाणं काय असतं ते एकदा बघितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तिनं मला सांगितलं होतं तुझ्या खिडकीचं. हसत होती.’ त्यांना वाटलं असावं की यानं मला बरं वाटेल. मला बरं वाटलेलं नाही. त्या हसल्या, हे खरं असेल. त्यांना आंबा मिळाला नाही, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असतं आणि त्यातलं एक दुसऱ्याला कमी करत नाही.

आता महिना उलटून गेला. मी दर शनिवारी उदगीरला जाते. अण्णांच्या गोळ्या, कपडे, बँकेचे कागद, कामं पुष्कळ असतात. आढीतले आंबे कधीच निघाले, पण मागच्या खोलीतलं गवत आणि गोणपाट तसंच पडून आहे. मनीषा म्हणते, उचलून टाकू, उंदीर होतील. तिचं बरोबर आहे. दुसऱ्या कुणाच्या घरी मीही हेच म्हणाले असते. गेल्या शनिवारी मी खराटा घेऊनच खोलीत गेले. खाली बसले, गोणपाटाखाली हात घातला, कोपरापर्यंत, पार फरशी लागेपर्यंत. आत काही नाही. गवत गार होतं. मग उठून खिडकीची कडी लावली, गोणपाटाची चारही टोकं ओढून आढी नीट झाकली आणि खराटा होता तिथे परत ठेवला.