गोडी मेलेली साखर

अक्कानं साखर थुंकली. माझ्या हातावर, पोराच्या टोपड्यावर. "मना तोंडमा माती कसाले घालस?" म्हणाली, अन् तिचे हात असे थरथरत होते की खाट वाजत होती. मी म्हटलं, "साखर आहे अक्का, साखर." परत चिमूट घातली, परत थुंकली. लुगडं घामानं पाठीला चिकटलेलं, डोळे माझ्यावर पण ओळख नाही. मांडीवर चार महिन्यांचं पोर रडतंय, नवरा शिरपूरला जिनिंगवर, भर दुपार, गल्लीतल्या बाया कापूस वेचायला गेलेल्या. हाक मारू तरी कोणाला.

अक्का म्हणजे माझी सासू. तिला काय झालं ते मला माहीत होतं. फक्त मलाच.

तिला साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, काळी पडत चालली होती. धुळ्याचा डॉक्टर म्हणाला, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, मग पाय. गोळी दिली. म्हणाला, एक दिवस चुकवायची नाही, अन् गोळीवर जेवायचंच, उपाशी राहिली तर साखर फार उतरून थरथर सुटते, मग लगेच साखर चारायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, तिथं पोराला दूध पाजत उभी होते, माझ्या डोक्यात तेव्हा पहिलंच बसलं. चुकवायची नाही.

अक्का गोळी लेकासमोर तोंडात घ्यायची अन् तो वळला की चुलीत थुंकायची. "गोळ्या मनं आंग पोखरतस." तिचा भरवसा पाल्यावर. बाजाराला सातपुड्यातली एक म्हातारी डिंक अन् पाला घेऊन यायची, तिनं दिलेला. गुडमार म्हणतात त्याला, चावला की गोडी मरते. ओट्यावर सगळ्या बायांनी चावून बघितला होता, वर गूळ खाल्ला, मातीच लागला. शेजारीण अक्काला म्हणाली, "आते सून गोड बोलनी तरी तुले गोड लागाव नही." अक्का म्हणाली, "ती कधी गोड बोलस?" सगळ्या हसल्या, मी पण.

नवरा मला म्हणाला, "पाला खाऊ दे, पाला काय गोळी आहे का? पण गोळी तिच्या पोटात गेली पाहिजे, कशी पण घाल." मग मी गोळी कुटून सकाळच्या ताकात कालवायला लागले. तिला न सांगता. पंधरा दिवस झाले, जखमेला भरत आल्याची लाल कड आली, अक्का म्हणायची पाल्याचा गुण. मी म्हणायचे, हो अक्का.

त्या दिवशी चतुर्थी. अक्का चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही. सकाळी ताक घेतलं, त्यात माझी गोळी, वर पाल्याचा काढा, मग दुपारी मूठभर पाला चावत बसली. अन्नाचा कण नाही.

अन् आता साखर थुंकतेय.

मला वाटलं गोडी मेली म्हणजे साखरच मेली, हिच्यात आता काय दम राहिला असेल. डबा ठेवून दिला मी, खरं सांगते, ठेवून दिला, अन् दारात जाऊन ओरडले. कोणी नाही. परत आत आले. तेव्हा आठवलं, ओट्यावर पाला चावला त्या दिवशी मी घरात येऊन चहा प्याले होते. पाण्यासारखा लागला, गोडीचं नाव नाही. पण सकाळपासून दुखणारं डोकं थांबलंच की. म्हणजे चव गेली तरी चहा पोटात गेलाच ना.

अक्का पुटपुटली, "पानी दे."

तांब्यात दोन-तीन मुठी साखर टाकली, हातानंच ढवळली, बारीक कण राहू नये म्हणून बोटं फिरवत राहिले. खाटेवर तिला धरून बसवलं. पोर खाली जमिनीवर ठेवलं, रडू दे. "पाणी आहे अक्का." तिनं घोट घेतला. थांबली. मग गटागट प्याली, पाणी म्हणून. तिला पाणीच लागलं ते.

थरथर हळूहळू थांबली. मला म्हणाली, "पोऱ्या रडस, उचल ना त्याले."

दिवेलागणीला बाया शेतातनं आल्या, नवरा आला. अक्का खाटेवर बसून सांगत होती, "पालामा दम शे, माय. इतकी साखर उतारी दिनी का मी पडनू. आते त्या गोळ्या बठ्ठ्या फेकी दे." शेजारीण म्हणाली, मले बी आन थोडा, तिला पण तोच आजार. नवरा माझ्याकडं बघत होता. मी भाकरी थापत होते.

सकाळी अक्का अंगणात बसली, पाय पुढं करून. "ताक दे, तुना हातनं." पदराच्या गाठीत गोळी होती. घालावी तर पाल्याबरोबर परत कालच्यासारखं. न घालावी तर तो अंगठा समोर, लाल कडेचा. सांगावं तर ही माझ्या हातचं पाणी पिणार नाही जन्मात, अन् न सांगावं तर शेजारीण पण गोळ्या टाकून पाला खाईल. ताकाचा पेला हातात, गाठ अर्धी सोडलेली, पोर कडेवर.

तुम्ही त्या अंगणात असता तर काय केलं असतं?