केजचा ड्रेसवाला

केजच्या बाजारात शाळेचे ड्रेस विकणारा एक गृहस्थ आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. जाता-येता राम राम मात्र कैक वर्षांचा. ड्रेस घ्यायला आलेल्या पोराला तो 'साहेब' म्हणतो आणि बापाला 'ओ'. टेप त्याच्या गळ्यात असतो, पण वापरत नाही. पँटची कंबर पोराच्या मानेभोवती धरतो. टोकं जुळली की माप बसलं.

माझ्या पोराला पाचवीपासून निवासी शाळेत घालायचं ठरलं, म्हणून जूनमध्ये मी त्याला नांदूरघाटहून या दुकानात घेऊन गेलो. पोरानं नवा शर्ट अंगात घातला आणि सवयीनं मी बटनं लावायला वाकलो.

"ओ, बसा तुमी. हॉस्टेलवर कोन लावनार हाय? लावा साहेब."

पोरानं एक बटन चुकीच्या काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. ड्रेसवाला निवांत कॅलेंडर बघत राहिला. घाम मला आला, पोराला नाही. अखेर सगळी बटनं लागली.

"साहेब पास," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आता तुमी."

"मी काय?"

"भाईर जाऊन हुबं राहा. बघू, तुमाला जमतंय का."

मी समोरच्या रसवंतीपाशी जाऊन उभा राहिलो. पोरगा आत बुटाची लेस बांधत होता. पाच मिनिटांत मी तीनदा दारातून डोकावलो.

तिसऱ्या वेळी ड्रेसवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं.