मेश्रामचा पुठ्ठा

“तुझा तो खडू घाल चुलीत आणि पुठ्ठा टाक रद्दीत!” मी ओरडत होतो. माझा आवाज असा की कोथरूडच्या त्या गल्लीतली कबुतरं तेव्हा उडाली ती अजून परतलेली नाहीत. समोर सुधाकर मेश्राम, माझा तीस वर्षांचा मित्र, माझ्याच जीपच्या बॉनेटला टेकून चहा पीत होता. त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाला, “तात्या, मोजल्याशिवाय येऊ नको.” मी गेलो नाही. आठ महिने गेलो नाही. आणि गेल्या महिन्यात एका दुपारी त्याच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. बाबा जेवून गॅरेजातल्या खुर्चीत बसले आणि... उठलेच नाहीत. अशा वेळी माणूस म्हणे सुन्न होतो. मी झालो नाही. मला संताप आला, आणि हे लिहितानाही येतोय. भांडण अर्धवट टाकून कोणी असं जातं का?

मेश्राम मूळचा भंडाऱ्याचा. पिंपरीकडच्या कारखान्यात त्याने उभा जन्म गिअरचे दाते कापले. निवृत्त झाल्यावर कोथरूडमध्ये पत्र्याची शेड घेतली आणि जीप उंच करून डोंगरात घालणाऱ्या वेड्यांचा तो वैद्य झाला. वैद्य कसला, हेडमास्तर! ‘अंदाजे’ हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा. लग्नात आचाऱ्याने “मीठ अंदाजे घातलंय” म्हटलं म्हणून हा माणूस पंगतीतून उठला होता. (उठला नव्हता. पण उठण्याच्या बेतात होता, मी शेजारीच होतो.)

त्याच्याकडे एक रीत होती. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याने स्वतः गाडीखाली झोपायचं. त्यासाठी फ्रिजच्या खोक्याचा एक भला मोठा पुठ्ठा होता, त्यावर पुण्यातल्या निम्म्या प्रतिष्ठित पाठींचे तेलकट ठसे. अ‍ॅक्सलचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. मेश्राम वरचं चाक पुरते दोन फेरे फिरवणार आणि खाली झोपलेल्याने अ‍ॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टवरची खडूची खूण किती वेळा फिरली ते मोजायचं. तो आकडा म्हणजे त्या अ‍ॅक्सलचा रेशो. आधी मागचा मोजायचा, मग पुढचा. गाडीच्या कागदावर काय छापलंय हे सांगायची सोय नव्हती. “कागद चढत नाही घाट,” तो म्हणायचा. एकदा एक आयटीतला पोरगा आला, “काका, पस्तीस इंची टायर टाकायचेत, काय लूक येतो!” मेश्राम म्हणाला, “चढावर लूक खाली उतरून ढकलून देते का?” मग त्याला झोपवलं आणि तासभर शिकवलं. टायर मोठा झाला की चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, तेवढा इंजिनाचा दम कमी पडतो. तो दम परत हवा तर अ‍ॅक्सलमधली क्राऊन-पिनियन ही गिअरची जोडी बदलायची, आणि टायर ज्या प्रमाणात वाढला त्याच प्रमाणात रेशो वाढवायचा. पोरगा घरी गेला तो एकतीस इंचांवर खूश होऊन.

माझ्या जीपचे टायर एकोणतीसचे. मला हवे होते तेहतीस. मेश्रामने शेडच्या भिंतीवर गणित मांडलं. सध्याचा रेशो चार पॉइंट सत्तावीस, म्हणजे आता लागणार चार पॉइंट शहाऐंशी, आणि बाजारात मिळतो चार अठ्ठ्याऐंशी. छान. पण पुढची जोडी यायला आठ दिवस लागणार होते आणि आमच्या टोळक्याची सहल रविवारी होती. मी म्हटलं, मागची बसव, पुढची नंतर बघू. तो म्हणाला, “मागचा पाय एका मापानं चालंल, पुढचा दुसऱ्या. फोर-व्हील लावलं की दोघं मिळून मधली पेटी फाडतील. खाली झोप, दोन्ही मोज, तुलाच कळंल.” मी त्या दिवशी नवा पांढरा झब्बा घातला होता. एका झब्ब्यासाठी, वाचकहो! मी ओरडलो, कबुतरं उडाली, आणि दुसऱ्या एका गॅरेजात मी मागचीच जोडी बसवून घेतली.

चिखलात गाडी बोकडासारखी चढली. मुळशीपलीकडच्या कोरड्या कातळावर फोर-व्हील लावलं आणि चाकांना घसरायला जागा उरली नाही. दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटून देणारी ती पेटी अशी फुटली की दरीपलीकडच्या गावात फटाके समजून पोरं बाहेर आली. जीप ट्रकवर घालून आणली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली झाकली. मग मी खोटं बोललो. भेटेल त्याला सांगितलं, गाडी भिंतीवरून चढते, पाल लाजते! हे सगळं मेश्रामच्या कानावर गेलं. त्याने काय म्हणावं? “छान.” फक्त छान! अरे, शिव्या दे, ये, ताडपत्री उचल, चार लोकांत नाक काप. पुण्यातल्या माणसाला ‘चुकलो’ म्हणायला आठ-दहा महिने लागतात, हे तीस वर्षांत तुला कळू नये? मी रोज ठरवत होतो, उद्या जातो. आणि तू जेवून खुर्चीत बसलास.

त्याच्या घरी बुद्धवंदना झाली, नंतर लोक बोलले. शांत स्वभावाचे, मनमिळाऊ, कुणालाही नाही न म्हणणारे... मी मागे बसून दात खात होतो. नाही न म्हणणारा? त्या माणसाचं पोट नाही म्हणण्यावर भरायचं! ज्यांनी हे म्हटलं त्यातला एकही त्या पुठ्ठ्यावर झोपलेला नव्हता. मीही नव्हतो, हे आठवलं तेव्हा उठून बाहेर आलो.

परवा जीप ओढून शेडवर नेली. सुजाता नोकरीतून रजा घेऊन गॅरेज चालवते आहे, लहानपणापासून बापाबरोबर चाकं फिरवत आली आहे. मी दारातूनच सुरू झालो. “सुजाता, तुझा बाप बरोबर होता, मी गाढव होतो, पेटी मी फोडली, वर खोटंही बोललो. चौकात बोर्ड लाव माझ्या नावाचा!” दहा मिनिटं बोललो असेन. ती पान्यावरचं तेल पुसत होती. मग तिने पायाने पुठ्ठा सरकवून अंथरला. मी झोपलो, पांढऱ्या झब्ब्यासकट. मागचं चाक फिरलं, पाचला जरासा कमी. मग पुढचं. खडूची खूण एकदा, दोनदा, तीनदा... डोळ्यांत काहीतरी गेलं, तेलच असणार.

“चार आणि पाव!” मी खालून गरजलो. “ऐकलंस का मेश्राम? चार आणि पाव!”

वरून सुजाताचा आवाज आला, “पावाच्या थोडं पुढं आहे. पुन्हा मोजा.”