हक्काचा पाहुणा

आमच्या आतोबांइतका अवघड पाहुणा अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नाही, आणि होऊ नये म्हणून देवासच्या यच्चयावत गृहिणी टेकडीवरच्या देवीला हात जोडत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नगर निगमच्या नळखात्यातून निवृत्त झाले त्या दिवसापासून त्यांनी पाहुणा म्हणून जाणं हाच पूर्णवेळचा उद्योग धरला. खाकी पिशवीत पंचा, तांब्या आणि अडकित्ता घालून ते न कळवता कुणाच्याही दारात उभे राहत. एकदा मनावर गावी लग्नाला निघाले, धारला बस बदलताना राजगढच्या गाडीत चढले, कारण तिथे त्यांचे एक जुने मास्तर राहत. लग्न लागलं, वरात निघाली, सून घरात आली, तरी आतोबा राजगढलाच. परत आल्यावर म्हणाले, "लग्न काय, माझ्यावाचून होणारच होतं. मास्तरांना कोण विचारतंय?"

नुसते येऊन बसते तरी कुणाची तक्रार नव्हती. पण आतोबा जेवणात खोड काढत. आमटीला गूळ कमी, भाकरी एका बाजूने रुसलेली, चटणीत मीठ आहे की मिठात चटणी. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे जेवले तेव्हा मी जीव ओतून श्रीखंड केलं होतं. वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "वेलदोडा शोधावा लागला." मी कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं यामागे एक तत्त्व होतं: नुसतं छान छान म्हणतो तो परका, खोड काढतो तो घरचा. आत्याने मात्र हे कधीच पचवलं होतं. ती म्हणे, "अगं, इतकी वर्षं माझ्या हातचं जेवताहेत. एकदा जरी छान म्हणाले असते ना, तर मी आधी डॉक्टरला बोलावलं असतं."

निगमने चुंगी नाक्याच्या, म्हणजे जकात नाक्याच्या, जुन्या गोदामात बेघर लोकांसाठी खोल्या काढायच्या ठरवल्या, तेव्हा आतोबांना नवा हुरूप आला. टेकडीच्या पायऱ्यांशी, बसस्टँडच्या आडोशाला झोपणाऱ्यांना नुसती रात्रीपुरती सतरंजी नव्हे, तर आपापली खोली, आतून लावायची कडी, शेगडी, शिवाय कामधंदा शोधून देणारी आणि औषधपाण्याचं बघणारी एक दीदी, अशी योजना होती. खर्च निगमचा, मंजुरी दर वर्षी नव्याने. प्रत्येक खोलीत स्वतंत्र नळ हवा असा आतोबांनी हट्ट धरला. कागद हलेना, तसे ते पिशवी घेऊन इंजिनियरसाहेबांच्या घरी मुक्कामालाच गेले. तिथे रोजच्या स्वयंपाकातल्या खोडी काढल्यावर साहेबांच्या पत्नीनेच नवऱ्याला बजावलं म्हणतात की, आधी ते नळ द्या. नळ आले.

नळ आले, खोल्या झाल्या, पण माणसं राहीनात. दिवसा खोलीत सामान ठेवायचं आणि अंधार पडायला लागला की कांबळं घेऊन पुन्हा पायऱ्यांकडे. खातेगांवचा रामरतन त्यांतलाच एक. पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दम गेला, बँड सुटला, बायको गेली, भावाने दार लावलं आणि तो टेकडीखाली येऊन पडला. थंडी तोंडावर आली होती आणि त्याचा खोकला ऐकवत नव्हता. खोली कशी आहे विचारलं की हात जोडून म्हणे, "बहुत अच्छी है साब, आपकी मेहरबानी." इकडे निगमात प्रश्न निघाला, आणि प्रश्न वाजवीच होता, की रिकाम्या खोल्यांवर पैसा का घालायचा? बजेटच्या बैठकीआधी मोठे साहेब स्वतः बघायला येणार होते. खोल्या रिकाम्या दिसल्या असत्या तर गोदामाला पुन्हा टाळं आणि रामरतनला कायमच्या पायऱ्या.

"मेहरबानी म्हणतो ना? मग तो तिथे राहणार नाही," आतोबा म्हणाले आणि पिशवी उचलून माझ्या स्कूटरवर बसले. आम्ही पोचलो तेव्हा रामरतन कांबळं बगलेत मारून निघतच होता. "रामरतन भिया, मेहमान आए हैं," असं म्हणत आतोबा सरळ आत जाऊन भिंतीला टेकून बसले. तो बिचारा गडबडला. कांबळं कोपऱ्यात टाकलं, शेगडी पेटवली, चहा केला. आतोबांनी एक घोट घेतला. "ये तो पानी है. अदरक किधर है?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ज्याला मिळेल ते खावं लागत होतं, त्याच्या चहाला नावं? पण रामरतनचे जोडलेले हात सुटले. त्याचा चेहरा लाल झाला. "साब, खातेगांव में म्हारी चाय की सब तारीफ करे."

"खातेगांव की खातेगांव में. यहाँ की बोलो."

"कल आना," तो चिडून म्हणाला. "कल पीके देखना."

"आऊँगा. शाम को. घर पे मिलना."

पाहुणा येणार म्हटल्यावर माणसाला घरी राहणं भाग असतं. दुसऱ्या दिवशी आल्याचा वास दारापर्यंत आला. आतोबांनी साखर जास्त काढली. मग शेजारच्या खोलीतल्या म्हातारीच्या डाळीला फोडणी कच्ची लागली, पलीकडच्याचा कणकेचा बाफला घशात अडकला. सगळं गोदाम ईर्ष्येला पेटलं. साहेब आले त्या संध्याकाळी एकही दार बंद नव्हतं, आणि साहेबांना प्रत्येक खोलीत बसवून इतकं खाऊ घातलं की त्यांना उठवेना. रामरतनने चहा देऊन विचारलं, "कोई कमी?" साहेब म्हणाले, "बढ़िया, बहुत बढ़िया." ते गेल्यावर रामरतन आतोबांच्या कानाशी लागून म्हणाला, "साब भले हैं, पर पराए हैं." मंजुरी मिळाली.

पुढे आत्या गेली आणि मुलाने आतोबांना पुण्याला नेलं. मी भेटायला गेले. मुलगा-सून सोन्यासारखी, आतोबांना वेगळी खोली, बाल्कनी. खाकी पिशवी मात्र भरलेली, दाराशी. सुनेने पोहे दिले. आतोबा खाऊन म्हणाले, "छान झालेत हो." माझ्या हातातली बशी तशीच राहिली. आत्या असती तर तिने डॉक्टरला बोलावलं असतं. मी नुसतंच बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

देवासला येऊन हे रामरतनला सांगितलं. पुढच्या रविवारी तो पिशवी घेऊन माझ्या दारात हजर. आम्ही न कळवता पुण्याला गेलो. आतोबांना बघून त्याने हात जोडले नाहीत. सरळ त्यांच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसला. "मेहमान आए हैं आतोबा. चाय बनाओ."

आतोबा उठले. सून पुढे झाली तर तिला हाताने अडवलं. जन्मात गॅस न पेटवलेल्या त्या माणसाने डबे धुंडाळून, खडखडाट करून चहा केला. रामरतनने एक घोट घेतला. "अदरक कम है."

आतोबांनी स्वतः एक घोट घेऊन बघितला. मग म्हणाले, "सुनो रामरतन, अदरक कल का था. ताज़ा मँगवाता हूँ. शाम तक रुकना पड़ेगा."

आम्ही थांबलो. रात्री जेवताना त्यांनी सुनेला सांगितलं की आमटीला गूळ कमी पडला. तिचा चेहरा उतरला. मी तिला हळूच म्हटलं, रागावू नकोस गं, आज ते तुझ्या घरी राहायला आले. सकाळी निघताना पाहिलं, पंचा बाल्कनीतल्या दोरीवर वाळत होता. आतोबा लिफ्टपर्यंत पोचवायला आले आणि रामरतनला म्हणाले, "अब घर देख लिया है. आते रहना."